हँडब्रेकची परीक्षा

निवृत्तीनंतर प्राध्यापक सदानंद कारखानीसांनी टॅक्सी परवान्याची एक सेकंडहँड मोटार घेतली आणि घाटावरच्या वाडीतल्या मुलींना शाळेत पोहोचवायला लागले. गाडी दरवर्षी आरटीओत पासिंगला जाई आणि दरवर्षी पास होई. तरी तो दिवस जवळ आला की सरांना घास गिळवत नसे. नापास झाली, तर मुलींची शाळाच सुटायची.

यंदा निरीक्षक नवे होते, भोगटेसाहेब. हँडब्रेकच्या तपासणीसाठी सरांनी गाडी उतारावर लावली, ब्रेक ओढला, गिअर काढला आणि हात चोळत बाजूला उभे राहिले. साहेब आले ते थेट उताराच्या बाजूला, आणि बॉनेटला पाठ टेकून ऐटीत उभे राहिले.

"सर, तुमच्याच वयाची दिसते ही! हिला तपासायचं काय? हिचा ब्रेक माशीला थोपवणार नाही. नापास!"

रांगेतले ड्रायव्हर खिदळले.  गिअर खरंच काढलाय ना? सरांनी खिडकीतून दोनदा डोकावून पाहिलं. काढलेलाच होता.

"साहेब," ते चाचरत म्हणाले, "जरा बाजूला होता का? गाडी न्यूट्रलला आहे, आणि उतारावर तिच्या पुढ्यात आपण आहात."

साहेबांनी टुणकन उडी मारली. गाडी जागची हलली नाही.

"हिचा ब्रेक लागत नसेल, तर लांबच थांबा," सर म्हणाले. "लागत असेल, तर या, पुन्हा टेका."

रांग आता साहेबांना हसत होती.

"बसा आत," साहेब पुटपुटले. "ब्रेक झाला. बाकीचं तपासू."

त्या संध्याकाळी गाडी पास होऊन घाट चढली.