पाचवी रेघ

एकदा एका नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत करार झाला. सीमेवर, नदीच्या पात्रात, एक उंच दगड होता. त्यावर खालून वर पाच रेघा कोरल्या गेल्या आणि ठरले, की वरच्या राज्याने चैत्र संपेपर्यंत पाचवी रेघ बुडालेली राहील इतके पाणी सोडावे. हा करार लिहिणारा आणि रेघा कोरणारा विद्वान तेव्हा तरुण होता. चाळीस वर्षे दोन्ही दरबारांत त्याचा गौरव झाला. युद्ध टळले आणि करारातले एक अक्षरही कोणी बदलले नाही.

पुढे पाऊस हटला, नदी रोडावली. तरी दर फाल्गुनात दोन्हीकडचे अधिकारी दगडापाशी जमत, 'पाचवी रेघ बुडालेली आहे' असे लिहून सह्या करत आणि पानसुपारी घेऊन परतत. मला संताप येतो तो या पानसुपारीचा.

एका फाल्गुनात त्या विद्वानाचा शिष्य साक्षीला गेला. आता वृद्ध झालेल्या गुरूंना तो आनंदाने सांगू लागला, "गुरुजी, करार यंदाही पाळला गेला."

"मग खालच्या गावांतली माणसे घरे सोडून का चालली आहेत?" असे म्हणून गुरू काठी घेऊन दगडाकडे निघाले; शिष्य मागोमाग गेला.

दगडाभोवती पाणी होते खरे. पण दहा पावले खाली मातीचा बांध घालून ते डबके तुंबवलेले होते. बांधापलीकडे कोरडी वाळू. तिच्यात झिरा खणून एक बाई वाटीने घागर भरत होती.

"सकाळपासून बसलेय, बाबा," ती म्हणाली. "अर्धी घागर झाली, त्यातही वाळूच जास्त."

गुरूंनी शिष्याकडून छिन्नी-हातोडा मागवला आणि पाण्यात उतरून आपल्याच हातची पाचवी रेघ घाव घालून उडवली. काठावरच्या राहुटीत अजून पानसुपारी घेत बसलेले दोन्ही अधिकारी धावत आले.

"आचार्य, आमच्या तलावांत चिखल उरलाय," वरच्या राज्याचा अधिकारी म्हणाला. "रेघ उघडी पडली असती तर तुमच्याच करारानं युद्ध झालं असतं."

खालचा मान खाली घालून म्हणाला, "करारात रेघ लिहिली आहे. ती बुडालेली असताना आम्ही तक्रार कशी करणार?"

"लाज वाटू द्या," गुरू कडाडले. "मलाही वाटायला हवी. मी रेघ कोरली ते वर्ष पुराचं होतं, आणि मी पुरालाच नदी समजलो. ती आटली तर काय, यावर एक ओळ लिहिली नाही. दोन राजांच्या सह्या घेतल्या आणि वाटलं, नदीही बांधली गेली. तुम्ही चाळीस वर्षं माझं अक्षर जपलंत. जपायची होती ती ही बाई. आता लिहा. जेवढं पाणी येईल, त्याचे वाटे. आणि किती आलं, ते दर कार्तिकात दोघांनी पात्रातून चालत जाऊन पाहायचं. कागद त्यानंतर उघडायचा."

"पण गुरुजी, मग दरवर्षी भांडण होईल," शिष्य म्हणाला.

"होऊ दे. निदान खऱ्या पाण्यावरून होईल."

शिष्याने बांधापाशी पडलेली कुदळ घेतली आणि बांध फोडला. पाणी वाळूवरून धावले, त्याने त्या बाईचा झिरा भरला, आणखी दोन झिऱ्यांपर्यंत पोचले आणि जिरून गेले. यंदाची नदी तेवढीच होती. दोन्ही अधिकाऱ्यांनी ती प्रथमच एकत्र उभे राहून पाहिली.