राख्याचे फेफरे आणि खडावांच्या खुणा

रंगोबा महाराज कळमखेड्याला नदीकाठच्या मठात मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकीकत. भाविकहो, ही एका मुक्या जिवाची गोष्ट आहे, म्हणून हसू नका. हसणाऱ्याचे काय झाले तेही यातच आहे.

गावात भिवाक्का नावाची एक कुंभारीण राहत असे. नवरा नाही, मूलबाळ नाही. भट्टीच्या उबेला निजणारा राख्या नावाचा कुत्रा, एवढाच तिचा संसार. या राख्याला फेफरे येई. आधी तो जिभल्या चाटत तिच्या पायाशी येऊन बिलगे, मग धाडकन कोसळे. तोंडाला फेस येई, चारही पाय झाडी. भिवाक्का चाकावरचे मडके तसेच टाकून धावे. रोज ती त्याला घेऊन मठाच्या दाराशी बसायची.

पुढच्या रांगेत बळवंतराव इनामदार बसत. ते मोठ्याने म्हणत, "लोक संतांकडे मोक्ष मागायला येतात, आणि ही बया कुत्र्याचं फेफरं घेऊन येते!" लोक हसत. भिवाक्का बिचारी मान खाली घाली.

एके सकाळी मठात पादुकापूजन होते. ओसरीवर महाराजांच्या खडावा फुलांत मांडल्या होत्या. तेवढ्यात राख्या कोसळला!

"चप्पल हुंगवा, चप्पल!" कोणीतरी ओरडले. भिवाक्काचे भान हरपले. हाताला आली ती वस्तू तिने उचलली आणि राख्याच्या नाकाला लावली. ती महाराजांची खडाव होती!

"विटाळलीस पूजा!" बळवंतराव काठी घेऊन उठले. "आज संपवतोच या कुत्र्याला."

भिवाक्का राख्यावर आडवी पडली. "म्हाराज, माजं चुकलं वो! मला मारा, त्याला नगा मारू."

महाराजांनी वरच्या वर काठी धरली आणि ते तिथेच धुळीत बसले. म्हणाले, "अगं वेडे, लाकडाला कसला वास? आणि चामड्याची असती तरी नको. त्याला श्वास घेऊ दे. दाबून धरू नका रे, तोंडात पाणी घालू नका. जवळचे दगड तेवढे काढा आणि हळू आवाजात नाम घ्या."

सगळा मठ नाम घेऊ लागला. हळूहळू राख्याचे पाय थांबले. त्याने डोळे उघडले, जरा वेळ अनोळखी नजरेने बघितले, मग भिवाक्काचा हात चाटला. तिला रडू आवरेना.

महाराज वळले. "बळवंता, तुझी लेक अंबू कुठे आहे?"

"आजोळी आहे, महाराज."

"मग मागच्या खोलीला बाहेरून कडी कशाला? जा, तिलाही आत्ताच आलं होतं."

बळवंतरावांच्या हातून काठी गळाली. लेकीचे फेफरे गावाला कळू नये, म्हणून त्यांनी वर्षभर तिला कोंडले होते! ते अनवाणी घरी धावले. कडी बाहेरून तशीच होती. आत अंबू शांत निजली होती. डोक्याखाली घोंगडीची घडी होती, आणि कोपऱ्यावर आपटायला नको म्हणून जड पाटा कुणीतरी भिंतीकडे सरकवला होता. सकाळीच सारवलेल्या ओल्या जमिनीवर खडावांच्या खुणा उमटल्या होत्या. काय ही कृपा! महाराज तर मठातून हललेही नव्हते.

बळवंतराव सगळ्या गावादेखत लेकीला कडेवर घेऊन मठात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "आधी भिवाक्काच्या पाया पड. तिने आपल्या जिवाला लपवलं नाही."

बळवंतरावांनी भिवाक्कासमोर माथा टेकला. "आक्का, मी फार हसलो तुला."

"उठा वो मालक," ती घाबरून म्हणाली. "पोरीला इकडं द्या. राख्याजवळ बसू दे."

बळवंतरावांनी भीत भीत विचारले, "महाराज, हिचं फेफरं जाईल ना?"

महाराज म्हणाले, "ते देवाच्या हाती. हळूहळू कमी होईल, धीर धर. पण ती कडी तुझ्या हाती आहे."

त्याच दुपारी बळवंतरावांनी ती कडी स्वतः उखडली. दुसऱ्या दिवसापासून ते मठात दाराशी बसू लागले, एका बाजूला अंबू आणि दुसऱ्या बाजूला राख्या.