निळ्या हातांच्या दोन जावा

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजे होते, राजांना पागोटी लागत, आणि ती रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं एक गाव नदीकाठी होतं. लहानांसाठी सांगतो आहे. मोठ्यांनी ऐकली तरी त्यांचं काही बिघडणार नाही.

त्या गावातल्या एका घरात दोन जावा नांदत होत्या. अंगणात निळीचा रांजण गळ्यापर्यंत पुरलेला होता, आजेसासूच्या काळापासूनचा. निळीचा रांजण म्हणजे मोठं लाडावलेलं प्रकरण. त्याला रोज सकाळी ढवळायचं, चिमूटभर गूळ आणि चिमूटभर चुना घालायचा, उबेत ठेवायचं. एक दिवस विसरलं की तो रुसलाच, कापडाला रंगच देईना. धाकटीला हे उपजत येत होतं. नुसत्या वासावरून ती सांगायची, आज रांजण तयार आहे, आज नाही. तिच्या हातासारखा निळा रंग पंचक्रोशीत कुणाला साधत नसे.

पण त्याच हातांना इसब होता. मनगटांवर होता, बोटांच्या बेचक्यांतही होता. खाज सुटली की ती खाजवायची, खाजवलं की कातडी फुटायची, आणि फुटल्या कातडीला चुना झोंबायचा. एकदा राजाच्या पागोट्याच्या पांढऱ्या काठावर तिच्या रक्ताचा ठिपका पडला. सासू म्हणाली, "पुन्हा असं झालं तर रांजणाला हात लावायचा नाही. चुलीपाशी बसून पाणी तापवायचं." धाकटीला वाटलं, त्यापेक्षा मला माहेरी धाडलेलं बरं.

आणि समोर थोरली. कोपरापर्यंत निळे हात, हातभर बांगड्या, ओठांवर ओवी. दिवसभर रंगात हात घालूनही ती कधी हाय म्हणत नसे. ते पाहून धाकटीच्या पोटात दुखायचं. "रंग कळतो मला, आणि देवाने धडके हात दिले हिला," ती मनाशी म्हणायची. हे जितकं घोळवायची, तितकी जास्त खाजवायची.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कामावरून उठली की थोरली खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. आत आढ्याला एक गाडगं टांगलेलं होतं. थोरली बाहेर यायची तेव्हा तिचे हात चकाकत असायचे.

"म्हणजे औषध आहे तर," धाकटीने ताडलं. "माहेरचं गुप्त औषध. आणि मला थेंबसुद्धा देत नाही."

एका दुपारी थोरली कापड खळबळायला नदीवर गेली, आणि धाकटीने गाडगं खाली उतरवलं. आत तेल होतं. बोटभर लावून थांबेल तर ती धाकटी कसली? पंधरा दिवसांचं तेल तिने एका बैठकीत कोपरापर्यंत चोपडलं आणि तळही पुसून घेतला. संध्याकाळी खाज निवली. सकाळी कातडी मऊ लागली. "गेला एकदाचा इसब," ती म्हणाली आणि रांजणापाशी तळ ठोकून बसली. दोन दिवस तिने हात धुवायचीही तसदी घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी हात असे भडकले की पहिलं दुखणं परवडलं. राजाच्या नव्या पागोट्यावर एक नाही, चार ठिपके पडले. धाकटी तशीच तणतणत थोरलीपुढे जाऊन उभी राहिली.

"जाऊबाई, तुमचं औषध खोटं आहे."

चोरी अशी चोराच्याच तोंडून बाहेर आली. पण थोरली भांडली नाही. तिने बांगड्या वर सारल्या. बांगड्यांखाली तसेच चट्टे होते, आणि निळ्या रंगातून ताज्या भेगा दिसत होत्या. तीन दिवस तिचं गाडगं रिकामं होतं ना, आणि घाण्यावर जायला सवड झाली नव्हती.

"लग्न झालं त्या वर्षापासून आहे मला," ती म्हणाली. "औषध कसलं, घाण्यावरचं खोबरेल आहे ते. काठीने भागतं तिथे मी हात घालत नाही. उठले की हात धुते, टिपते, तेल लावते. खाज आली तर नखं न लावता गार ओला फडका ठेवते. रोज. तरी थंडीत उसळतोच."

"रोज? मग बरा कधी व्हायचा?"

"रांजणाला महिन्याचा गूळ एकदम घातलास, आणि महिनाभर फिरकलीच नाहीस तर?"

"मरेल की तो," धाकटी म्हणाली, आणि तिची नजर आपल्या हातांवर गेली. मग तिचे डोळे भरले. "मला का नाही सांगितलंत? तुमच्यासमोर रक्त गळत होतं माझं."

थोरलीने बांगड्या पुन्हा चट्ट्यांवर ओढल्या. "रंग तुझा चांगला येतो. सासूबाई तुझंच नाव घेतात. तुझे हातही बरे झाले तर मला कोण विचारणार, असं वाटायचं गं. दार लोटायचे ते तुला कळू नये म्हणूनच."

सासूने चारही हात पाहिले आणि दोघींना रांजणावरून उठवलं. राजाची पागोटी त्या वर्षी पलीकडच्या गावाला गेली. रांजणापाशी वास ओळखणारं कुणी उरलं नाही, म्हणून आठव्या दिवशी आजेसासूचा रांजण मेला. दोघी त्याच्या काठाशी बसून रडल्या.

हात निवले तेव्हा सासू राजी झाली, आणि पुढल्या हंगामात दोघींनी नवा रांजण पुरला. इसब काही गेला नाही. थंडी आली की तो यायचा, कधी हिला, कधी तिला. पण कापडावर पुन्हा ठिपका पडला नाही. गाडगं आता आढ्याला नसायचं. ते रांजणाच्या काठावर असायचं, आणि सकाळी रांजण ढवळून झाला की जी आधी उठेल ती दुसरीच्या हातांना तेल लावायची.

तात्पर्य: जुनं दुखणं रोजच्या निगेने आवरतं, पण हेवा मात्र करणाऱ्याचे आणि ज्याचा केला त्याचे, दोघांचेही हात कामातून घालवतो.