समेवरचा ठोका

"ऐकलात ना, माई? आता तरी पटलं?"

यशोधन करकरे ताडकन उठला आणि त्यानं रेकॉर्डवरची सुई उचलली. उचलताना हात मात्र जपून. राग कितीही येवो, तो सुईवर काढायचा नाही, एवढं भान त्याला होतं.

समोर कोचावर शेवंतामाई मांडी घालून बसल्या होत्या. गाणं शिकायचं तर माईंकडे, असे कोल्हापूरचे दिवस कधीच सरले होते. पण यशोधनसारखे जुने शिष्य अजून त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

"काय ऐकायचं होतं?" माईंनी विचारलं.

"ठोका, माई. शेवटच्या ओळीच्या आधी, धप्प करून. खालून येतो."

"बरं."

बरं म्हणजे काय? यशोधनच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं जिवावरचं दुखणं सांगावं आणि समोरच्यानं बरं म्हणावं.

दुखणं खाली राहत होतं. त्याच्या बरोबर खालच्या घरात वैजयंती साळोखे नावाच्या बाई पोरींना नाच शिकवायच्या. शाळा सुटली की पोरी घुंगरं बांधून जमायच्या आणि यशोधनची गाणं ऐकायची वेळही नेमकी तीच. उद्या सोसायटीची मीटिंग होती. क्लास ठेवायचा की काढायचा, ते तिथं ठरणार होतं. अध्यक्ष शिंदेकाका माईंना देवासारखे मानायचे. माईंनी एक शब्द टाकला असता तर साळोखेबाईंचं बिऱ्हाड उठलंच म्हणायचं.

त्या एका शब्दासाठी आज माईंना गाडीतून आणलं होतं. आणि ऐकवायला ठेवली होती ती माईंच्याच गुरूंची, तुळसाबाई वडगावकरांची रेकॉर्ड. यशोधननं जुन्या बाजारात वर्षानुवर्षं धुंडाळून मिळवलेली. दुसरी कुणाकडे असल्याचं ऐकिवात नव्हतं.

"आक्कांचा आवाज..." माई म्हणाल्या. "किती वर्षांनी कानावर पडला रे. तू मध्येच उचललंस."

"ऐकवतो पूर्ण. आधी माझं ऐका. सुरुवातीला पोरी नाचल्या की सुई उडायची. म्हणून प्लेअरखाली कडप्पा घातला. कडप्प्याखाली वाळूची पेटी, पेटीखाली रबर. भिंतीला टेकलेले स्पीकर सोडवून खिळ्यांच्या टोकांवर उभे केले, हादरा पोचू नये म्हणून. बायकोनं तर माझ्याशी बोलणं सोडलं. घराचं गोडाऊन केलंत म्हणाली."

"मग सुई उडते अजून?"

"नाही उडत. घरघर गेली, खरखर गेली, सगळं गेलं. आणि हा ठोका? हा उलट जास्तच स्वच्छ ऐकू येतो. जेवढं रबर घालावं तेवढा स्वच्छ. काय समजायचं माणसानं?"

"काय समजलास?"

"बाई मुद्दाम जोरात पाय आपटायला लावते."

माईंनी रेकॉर्डकडे बोट केलं.

"ठोका नेहमी इथंच येतो का रे?"

"इथंच. बरोबर समेवर." यशोधनचा आवाज चढला. "बघा ना किती पोचलेली बाई आहे. मी कुठली रेकॉर्ड लावतो ते हिला खाली कळतं. सम कधी येते तेही कळतं. वाटच बघत बसते."

"समेचं ज्ञान चांगलं आहे म्हणायचं तिला."

"चेष्टा करू नका, माई. माझा जीव जातोय. आणि सरळ विचारतो, सभ्य लोकांच्या बिल्डिंगमध्ये असल्या नाचणाऱ्या बायकांना जागा द्यायचीच कशाला?"

...

माईंनी पदर सारखा केला. तसं करायची काही गरज नव्हती.

"लाव परत," त्या म्हणाल्या.

यशोधननं सुई अलगद टेकवली. तुळसाबाईंचा आवाज आला. पिलूतली ठुमरी होती, आवाज थोडा चिरका, पण धार अशी की आजच्या भल्याभल्यांनी मान खाली घालावी. यशोधनचं गाण्याकडे लक्ष नव्हतं. तो त्या ठोक्याची वाट बघत होता.

धप्प.

तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी सुई उचलायलाही तो थांबला नाही. अनवाणीच जिना उतरला. माई घरात आलेल्या असताना ही हिंमत? आज सगळ्यांदेखत दोन शब्द सुनावतोच, असं ठरवून त्यानं साळोखेबाईंच्या दारावर थाप मारली.

दाराला कुलूप होतं.

त्यानं कुलूप ओढून पाहिलं. खरंच लागलेलं होतं. दारावर पाटी अडकवली होती, कार्यक्रमामुळे आज क्लास बंद. तरी यशोधननं दाराला कान लावला. न जाणो, आत बसल्या असतील अंधार करून. आत कुणी नव्हतं. जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या शेजारीणबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्याला भलतीच लाज वाटली. लाजेनं राग आणखी वाढला. क्लास बंद ठेवून ठोका द्यायचा म्हणजे कमाल झाली.

तो वर आला तेव्हा रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती. माईंचे डोळे भरले होते.

"क्लास बंद आहे," तो म्हणाला.

"येताना बघितलं मी. तू पुढं धावलास, मी दम खायला थांबले होते ना तिथं."

"मग बोलला नाहीत?"

"तू ऐकणार होतास?"

यशोधन सुई उचलायला गेला.

"पुन्हा लाव."

"माई..."

"लाव म्हणते ना."

त्यानं लावली. माईंनी डोळे मिटले. शेवटची ओळ जवळ आली तसा त्यांचा उजवा हात वर उचलला गेला. हवेत थोडा थांबला. मग तो खाली आला आणि मांडीवर पडला.

धप्प.

हात आणि ठोका एकदमच पडले. यशोधनला आपल्याच घरात परक्यासारखं वाटू लागलं. ठोका संपताच शेवटची ओळ उघडली. काय उघडली. इतका वेळ अंग चोरून बसलेला तो आवाज आता कुणाच्या बापाला भीत नव्हता. ही ओळ यशोधननं आजवर कधी ऐकलीच नव्हती. ठोका पडला की तो सुई उचलायचा.

रेकॉर्ड संपली. यशोधननं सुई उचलून जागेवर ठेवली.

"तो ठोका रेकॉर्डमध्येच आहे," यशोधन शेवटी म्हणाला.

"मी मागे तंबोऱ्यावर होते. एवढीशी पोर. कंपनीच्या साहेबानं आक्कांच्या पायाखाली गादी घातली. गादीवर घोंगडं, घोंगड्यावर लोड. म्हणाला, बाई, पाय हलवू नका, मशीनला हादरा बसतो."

"खरं होतं त्याचं. त्या काळची मशीनं..."

"खरंच होतं. आक्का कबूल झाल्या. गादीवर पाय ठेवून निम्मं गाऊन झालं आणि तो साहेब शेजारच्याला म्हणाला... हळूच म्हणाला, पण गाणाऱ्या बाईचा कान तो. म्हणाला, नाचणाऱ्या बायकांना पाय आपटायची सवयच असते, सभ्य ठिकाणी कसं बसावं ते कळत नाही."

यशोधनची मान खाली गेली.

"गाणं चालू होतं. आक्कांनी थांबवलं नाही. पाय काढला गादीवरून, उघड्या फळीवर ठेवला. आणि समेची वाट बघितली."

"आणि साहेब?"

"बोंबलला. पुन्हा गा म्हणाला. आक्का उठून चालू लागल्या. म्हणून आक्कांची एवढी एकच रेकॉर्ड निघाली, ठोक्यासकट."

माईंनी कोचाचा आधार घेतला आणि त्या उठल्या. यशोधन चपला पुढं करायला धावला. त्यांनी त्या आपल्या आपण पायात सरकवल्या.

"माई, उद्या मीटिंगमध्ये..." त्यानं विचारलं. "शिंदेकाकांना काय सांगू?"

माई दारापाशी थांबल्या. त्यांनी एकदा त्या कडप्प्याकडे, वाळूकडे, रबराकडे बघितलं.

"सांग, पाय आपटणारी बाई सापडली म्हणावं. खाली नाही, वर करकऱ्यांकडेच राहते. धमक असेल तर काढा तिला."