नानांनी काढलेलं स्थळ

“मला बोलण्यात गप्प करणारा अख्ख्या यावल तालुक्यात जन्मला नाही,” असं झिपरूनाना छाती फुगवून सांगायचे आणि लगेच आवाज उतरवायचे, “बायको धरली नाही हो, ती आत ऐकतेय.”

त्या बायकोची, म्हणजे तापीकाकूंची, दुपारची झोप प्लॉट नि विमा विकणाऱ्यांच्या फोनांनी पार नासली होती. “आज पुन्हा झोपमोड झाली, तर मी भुसावळला बहिणीकडे चालले. भाकरी तुमच्या तुम्ही थापा,” असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून फोन मुठीत धरून नाना ओटीवरून अंगणात नि अंगणातून ओटीवर नुसते येरझारा घालत होते.

फोन थरथरला. “नमस्कार सर, हायवेला लागून प्लॉट आहेत...”

“प्लॉट राहू दे, पोरी. तुझं लग्न ठरलंय का? आमच्या घरात मुलगा आहे. उंची सांग, पत्रिका धाड, उद्याच बघायला येतो.”

या मात्रेने भलेभले फोन ठेवून पळत. नाना मिशीत हसले.

पोरगीही हसली. “आजोबा, काल याच नंबरवर आजी बोलल्या. म्हणाल्या, घरात मुलगाबिलगा कुणी नाही, एक म्हातारा तेवढा आहे, प्लॉटवर राखणीला घेऊन जा. मग बोला, गाडी कधी पाठवू?”