इंजिनाची अंघोळ

यंत्रं एकमेकांशी भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. एका म्हाताऱ्या टेम्पोचं इंजिन भसाभस तेल प्यायचं आणि धूर सोडायचं. मालक वैतागला. "हे साफ करणारं तेल घालून बघतो. तरी धूर आला, तर टेम्पो भंगारात!"

नवं तेल आत शिरून कानाकोपरा घासू लागलं.

"अरे, गुदगुल्या होतात!" इंजिन ओरडलं. "जुनं तेल गुपचूप पडून असायचं."

"म्हणूनच एवढी काजळी साचली, आजोबा. पाठ करा इकडे."

काही दिवसांनी मालकाने तेल मोजायची पट्टी बुडवून पाहिली. तेल जरासुद्धा कमी झालं नव्हतं, पण काळंकुट्ट दिसत होतं.

"शी! किती घाणेरडं तू!" इंजिन म्हणालं.

"आजोबा, घाण तुमची आहे."

मालकाने टेम्पो सुरू केला. धुराचा पत्ताच नव्हता.

इंजिन लाजलं. मग हळूच म्हणालं, "मागच्या बाजूला अजून थोडं राहिलंय बघ."