चिखलाचा अंगरखा

जनावरं एकमेकांशी मनमोकळं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. मोरणी म्हैस आपल्या पारडाला दिवसभर चाटून लखलखीत ठेवायची. बाकीची पारडं डबक्याच्या चिखलात मनसोक्त लोळायची. हे मात्र काठावर उभं राहून नुसतं बघायचं.

एक गोमाशी रोज येऊन म्हणायची, "मोरणीताई, लेकरू ठेवावं तर तुम्हीच! नाहीतर ती बाकीची, शी!" मोरणी फुशारून जायची.

पण पारडू वाळत चाललं. अंगभर गांधी उठल्या. दूध पितानाही ते पाय आपटायचं.

एका दुपारी डबक्यात बसलेली म्हातारी भागी म्हैस म्हणाली, "अगं, ती माशी आमच्या लेकरांकडे का फिरकत नाही, हे विचारलंस का तिला कधी?"

पारडाची मान चाटता चाटता मोरणी थबकली. जिभेला रक्ताची चव लागली होती. तिने शिंगांनीच हळूच पारडाला चिखलात ढकललं.

थोड्या वेळाने गोमाशी आली. "अगंबाई, किती घाणेरडं झालं हो लेकरू!"

"झालं खरं," मोरणी रवंथ करत म्हणाली. "बसा ना. कुठं जागा सापडते का बघा."